सोमवारी अजिंठा बंद असतो: छत्रपती संभाजीनगरचे तीन दिवस कसे लावावेत

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकचं एक कुटुंब दिवाळीनंतर शुक्रवारी रात्री छत्रपती संभाजीनगरला पोचणार आहे. नवरा-बायको, सत्तरी ओलांडलेले आई-बाबा, 10 आणि 14 वर्षांची दोन मुलं, स्वतःची गाडी. बेत असा: शनिवारी शहर, म्हणजे बीबी का मकबरा, पाणचक्की आणि संग्रहालयं. रविवारी दौलताबाद, वेरूळ, घृष्णेश्वर. सोमवारी अजिंठा बघून परस्पर घरी. हा क्रम बरा आहे का, संग्रहालयांना वेळ द्यावा का, आईंच्या गुडघ्यांचं काय करायचं आणि गाईड लागतोच का, असं विचारलंय.

बेत अडतो तो सोमवारी. अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी. परवानाधारक गाईड म्हणून मी या लेण्यांवर बरीच वर्षं काम करतोय, आणि अजिंठ्याच्या पायथ्याशी फर्दापूरला जिथे खासगी गाड्या थांबवतात, त्या टी-पॉइंटवरून सोमवारी परत फिरणाऱ्या गाड्या आजही दिसतात. तेव्हा शनिवारी अजिंठा, रविवारी शहर, सोमवारी दौलताबाद आणि वेरूळ असं करा. वेरूळ शहराच्या नाशिककडच्या अंगाला आहे, त्यामुळे तिथूनच घरची वाट धरता येईल.

नुसत्या सुट्टीच्या वारासाठी मी हा क्रम सांगत नाहीये. अजिंठा आधी आणि वेरूळ शेवटी, हे मी प्रत्येकाला सांगतो, कुठलाही वार असला तरी. वेरूळचं कैलास लेणं अंगावर येतं, बघणाऱ्याला काही करावं लागत नाही. अजिंठ्यात उलटं आहे. तिथे अंधारात उभं राहायचं, डोळे सरावू द्यायचे, मग भिंतीवरून एकेक चेहरा पुढे येतो. आदल्या दिवशी कैलास बघून आलेली मंडळी अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात दोन मिनिटांत वळतात आणि ‘एवढंच का?’ विचारतात. शिवाय लेण्यांचा कालक्रमही असाच लागतो. अजिंठ्याची सुरुवात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली, शहराजवळच्या औरंगाबाद लेण्यांमधली महत्त्वाची कामं सहाव्या-सातव्या शतकातली, वेरूळ तिथून दहाव्या शतकापर्यंत. यादवांची देवगिरी, म्हणजेच दौलताबाद, आणि मोगलांचा मकबरा त्यानंतरचे, ते तेवढे या ओळीत मागेपुढे होतात. मुलांना इतिहासाच्या सनावळ्या पाठ करायला लावण्यापेक्षा त्या अशा ओळीने चालून बघितलेल्या बऱ्या.

आता शनिवार. अजिंठा शहरापासून सुमारे 100 किलोमीटरवर. फुलंब्री, सिल्लोड, अजिंठा गाव, मग घाट उतरून फर्दापूर. लेणी 9 वाजता उघडतात, म्हणून साडेसहाला निघा. खासगी गाड्या टी-पॉइंटवर लावाव्या लागतात, तिथून लेण्यांपर्यंतचे चारेक किलोमीटर बसने. बसच्या रांगेत सुट्टीच्या दिवशी बराच वेळ जातो, तो हिशेबात धरा. मुलांचं तिकीट काढायचं नाही, 15 वर्षांखालच्यांना पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत प्रवेश मोफत असतो. मोठ्यांचं शक्यतो ऑनलाइन काढून ठेवा.

आईंसाठी डोली करा. चार माणसं खुर्ची उचलतात आणि हव्या त्या लेण्याच्या दाराशी थांबतात. संकोच वाटतो, मला ठाऊक आहे. पुष्कळ ज्येष्ठ मंडळी ‘नको बाई, माणसांच्या खांद्यावर’ म्हणतात आणि मग सुरुवातीची चढण चढून इतकी दमतात की आतमध्ये काही बघायचं त्राण उरत नाही. डोलीवाल्यांचं घर त्यावर चालतं. भाव आधी ठरवा, आणि परतीचाही त्यातच धरलाय ना ते विचारून घ्या. चित्रांच्या लेण्यांत चपला बाहेर काढाव्या लागतात, तेव्हा वाकून सोडाव्या लागणाऱ्या लेसच्या बुटांऐवजी सैल सॅंडल बरे.

9 ला दारात असाल तर 1 आणि 2 नंबर आधी. उशीर झाला तर मात्र पहिल्या लेण्याच्या रांगेत उभे राहू नका. गर्दीच्या दिवशी आत ठरावीक माणसंच सोडतात आणि थोड्या वेळाने बाहेर काढतात. तशा वेळी सरळ पुढे 17 नंबरला जा, मग टोकाकडचं 26, आणि परतताना बाकीची. दुपारच्या जेवणाच्या वेळी 1 नंबरची रांग ओसरते.

1 नंबरमध्ये गाभाऱ्याच्या एका बाजूला पद्मपाणी, दुसऱ्या बाजूला वज्रपाणी, अशी दोन बोधिसत्त्वांची प्रसिद्ध चित्रं. सगळे धावत तिथेच जातात. तुम्ही आत गेल्यावर आधी मध्यभागी पाचेक मिनिटं नुसते उभे राहा, मोबाइल खिशात ठेवून, कारण एकदा स्क्रीनकडे बघितलं की डोळ्यांचा सराव पुन्हा पहिल्यापासून. मग पद्मपाणीकडे जा. मुलांना एक काम द्या: उजव्या रांगेतल्या एका खांबावर चार हरणं कोरलीत, चौघांना मिळून डोकं एकच. ते सापडेपर्यंत मुलं शांत असतात, हा अनुभव आहे. 2 नंबरमध्ये मात्र भिंतींपेक्षा छताकडे बघा.

ही भित्तिचित्रं ओल्या चुन्यावर रंगवलेली नाहीत. माती, भाताचं तूस, वनस्पतींचे धागे यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो सुकल्यावर रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळ हे सगळं साधं. निळा मात्र लाजवर्द, थेट अफगाणिस्तानच्या बदख्शांहून आलेला. जिथे निळा दिसेल तिथे थांबून घरच्यांना हे सांगा, वाकाटकांच्या काळातला व्यापार डोळ्यांपुढे येतो. या चित्रांचा मोठा भाग पाचव्या शतकातला, वाकाटक राजा हरिषेणाच्या वेळचा; 16 नंबरचं लेणं त्याचा मंत्री वराहदेव याने दिलं, तसा शिलालेख तिथे आहे. चित्रं पिवळसर, धुरकट का दिसतात असं लोक विचारतात. त्यात पाण्याचा, वटवाघळांचा आणि माणसांचा वाटा आहेच, पण एक कारण भलतंच आहे. 1920 च्या सुमारास निजाम सरकारने इटालियन तज्ज्ञ आणले. त्यांनी सुटू लागलेला गिलावा जागच्या जागी बसवला, हे मोठं काम, पण रंगांवर लाखेचं वॉर्निशही दिलं. ते काळाबरोबर पिवळं पडलं आणि नंतरच्या लोकांना हळूहळू उतरवत बसावं लागलं. फ्लॅशला बंदी आहे, ती पाळा आणि मुलांनाही पाळायला लावा.

17 नंबर हे माझ्या मते अजिंठ्याचं सगळ्यात बोलकं लेणं. सगळ्या भिंती जातककथांनी, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टींनी, भरलेल्या. इथे गाईड नसेल तर काही हाती लागत नाही, कारण गोष्ट डावीकडून उजवीकडे सरळ चालत नाही. एकच माणूस त्याच भिंतीवर पुन्हा पुन्हा येतो आणि प्रसंग जागेप्रमाणे लावलेत, वेळेप्रमाणे नाही. म्हणून गाईडच्या प्रश्नाचं उत्तर इथेच देतो: एकाच जागी घेणार असाल तर अजिंठ्याला घ्या. ओळखपत्र बघा, पैसे आधी ठरवा, आणि त्याला सांगा की सगळी लेणी नकोत, सहा दाखव पण नीट दाखव. चांगला गाईड हे ऐकून खूश होतो.

ती सहा कोणती? 1, 2, 10, 17, 19 आणि 26. 10 नंबर सगळ्यात जुन्यांपैकी. एप्रिल 1819 मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने इथे आला आणि याच लेण्यातल्या एका खांबावर स्वतःचं नाव कोरून गेला. ते आज आपल्या डोक्याच्या वर दिसतं, कारण तेव्हा लेण्यात इतका गाळ साचला होता की तो त्या उंचीवर उभा होता. 19 चं दर्शनी अंग आणि बाहेरची नागराज-नागराणीची जोडी बघा. 26 मध्ये महापरिनिर्वाणातला बुद्ध 7 मीटरांहून लांब आहे. त्याच भिंतीवर पुढे मार, म्हणजे बुद्धाला मोहात पाडू बघणारा, त्याने चालवलेला गोंधळ कोरलाय, तो मुलांना जास्त आवडतो.

वेळ उरला तर सातवं म्हणून 24 नंबर दाखवा. पर्यटक तिकडे ढुंकून बघत नाहीत, कारण ते अर्धवट आहे. पूर्ण झालं असतं तर अजिंठ्यातल्या मोठ्या विहारांत, म्हणजे भिक्खूंच्या निवासाच्या लेण्यांत, त्याची गणना झाली असती. काही खांब घडलेले, काहींभोवती दगड तसाच, मध्ये खणत गेलेल्या गल्ल्या. लेणं कसं खोदतात हे शंभर शब्दांत सांगून कळत नाही ते इथे दिसतं: आधी छत नक्की करायचं, तिथून खाली उतरायचं, खांबांपुरता दगड राखून बाकीचा काढत जायचा. हे बघून ठेवलेलं सोमवारी उपयोगी पडेल, कारण तुमचा 14 वर्षांचा मुलगा किंवा मुलगी कैलास लेण्यात ‘हे परग्रहावरच्या लोकांनी केलं’ असं म्हणणार आहे. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेले असतात.

परतीच्या वाटेवर अजिंठा गाव लागतं. मेजर रॉबर्ट गिल 1844 पासून इथे वर्षानुवर्षं राहून चित्रांच्या नकला करत होता. त्यातल्या बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये 1866 च्या आगीत जळाल्या. त्याची सोबतीण पारो, तिची कबर या गावात आहे. वाकडी वाट करून जायलाच हवं असं नाही, पण उजेड असेल आणि आई-बाबा दमले नसतील तर जा.

रविवारी सकाळी आई-बाबांना हॉटेलवर आराम करू द्या. तुम्ही चौघं साडेसात-आठला औरंगाबाद लेण्यांवर जा. मकबऱ्याच्या मागच्या डोंगरात, शहरापासून इतक्या जवळ, आणि तरी माणसं तुरळक. पायऱ्या आहेत, म्हणून आईंना नको म्हटलं. सगळी बघायची गरज नाही. 3 आणि 7 बघा. 3 नंबरच्या गाभाऱ्यात बुद्धासमोर गुडघे टेकून बसलेले उपासक आहेत, जवळपास माणसाच्या उंचीचे, प्रत्येकाचा चेहरा आणि केशरचना वेगळी. 7 नंबर दुसऱ्या गटात, थोडं चालावं लागतं. दाराशी अवलोकितेश्वर या करुणेच्या बोधिसत्त्वाचा पट, त्यात जहाज बुडणं, हत्ती, सिंह, चोर असल्या आठ संकटांतून लोक त्याचा धावा करताहेत. गाभाऱ्यातल्या भिंतीवर नाचणारी स्त्री आणि तिच्याभोवती वादक बाया. इतका जिवंत नाच मला वेरूळलाही दिसत नाही, आणि मी वेरूळचा पक्षपाती आहे.

खाली उतरलं की सोनेरी महाल. ओर्छाच्या बुंदेला सरदाराची ही 17 व्या शतकातली हवेली, आत राज्य पुरातत्त्व विभागाचं संग्रहालय. मूर्ती, भांडी, जुन्या वस्तू. फलकांवर माहिती तोकडी आहे, आणि अजिंठ्याच्या दुसऱ्या दिवशी मूर्ती बघायला डोळे तयार असतात म्हणून मी हे शनिवारी न ठेवता रविवारी ठेवतो. आई-बाबांना इथे बोलावून घ्या. महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तू संग्रहालय मुलांसाठी, तिथली शस्त्रं ती मन लावून बघतात. अर्धा-पाऊण तास पुरे. संग्रहालयांसाठी याहून जास्त वेळ काढू नका, हे माझं स्पष्ट मत. सातवाहनांच्या वस्तूंची खरंच ओढ असेल तर पैठणचं बाळासाहेब पाटील संग्रहालय आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं लामतुरे संग्रहालय हा वेगळा प्रवास आहे, मुलं मोठी झाल्यावर करा. सोमवारी सरकारी संग्रहालयं बहुधा बंद असतात, तेव्हा जे बघायचं ते रविवारीच उरका.

दुपारी उन्हात कुठे जाऊ नका. मांसाहारी असाल तर नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, खा, शहराची ओळख आहे ती. मग चारच्या सुमारास मकबरा. एक विनंती: दारातून आत शिरल्या शिरल्या ताजमहालाशी तुलना करून ‘गरिबांचा ताज’ म्हणू नका. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू 1657 मध्ये गेली, तिची ही कबर. बांधकामाशी मुलगा आझमशहाचं नाव जोडतात. खर्चाची नोंद 6,68,203 रुपये आणि काही आणे, म्हणजे ताजच्या पुढे किरकोळ. त्यामुळे इथे संगमरवर जपून वापरलाय: खालचा पट्टा आणि घुमट संगमरवरी, मधला सगळा भाग आपला काळा दगड आणि त्यावर चुन्याचा नक्षीदार गिलावा. हा गिलावा जवळ जाऊन बघा, दख्खनी कारागिरांचं काम त्यात आहे. दरवाजावर वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय यांची नावं आहेत. मोगल इमारतीवर कारागिराचं नाव मिळणं ही साधी गोष्ट नाही. कबर खालच्या पातळीवर आहे, वरच्या कठड्यावरून वाकून बघायची.

पाणचक्कीला हौदात पाणी असेल तर थोडा वेळ द्या, नसेल तर गाळा. मात्र मुलांना मलिक अंबर सांगा. हबशी गुलाम म्हणून आलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला, 1610 मध्ये खडकी वसवली, म्हणजेच हे शहर, आणि डोंगरातलं पाणी जमिनीखालून खापरी नळांनी गावात आणलं. पाणचक्कीचं जातं फिरवणारं पाणीही अशाच भूमिगत नहरीचं.

सोमवारी सकाळी खोल्या सोडून सामान गाडीत टाका. 8 च्या आत दौलताबाद. खरं तर वेरूळ आधी बघून कालक्रम पाळायला हवा, पण किल्ला उन्हात चढता येत नाही, तिथे शतकांपेक्षा सूर्याचं ऐकावं लागतं. आई-बाबा चाँद मिनार, भारतमाता मंदिर इथपर्यंत सपाटीवरून येतील आणि सावलीत बसतील. तुम्ही मुलांना घेऊन खंदक ओलांडून अंधारीपर्यंत जा. तासून उभा केलेला कडा, मग अंधारा वळणावळणाचा बोगदा. शत्रूला आत ओढून आपसात लढवायची सोय. टॉर्च घ्या, वटवाघळांचा वास सहन करा. मेंढ्याच्या तोंडाची तोफही दाखवा. शिखरापर्यंत जायचा हट्ट मात्र या खेपेला नको, पाय वेरूळसाठी राखा. वर बारादरी आणि एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांचं स्थान आहे. ते इथले किल्लेदार होते. बाबांना वारकरी परंपरेची ओढ असेल तर हे खाली बसूनही त्यांनीच मुलांना सांगावं. दिवाळीच्या दिवसांत घाटात सीताफळांचे ढीग दिसतील, कच्च्यांच्या मोहात पडू नका, दाबून मऊ असेल तेच घ्या.

घृष्णेश्वरचं काय? सोमवार आहे, ज्योतिर्लिंग आहे, रांग मोठी असणार. दर्शन करायचंच असेल तर दौलताबाद सोडून द्या आणि पहाटे थेट देवळात जा. गाभाऱ्यात पुरुषांना अंगातला सदरा काढून जावं लागतं. आजचं मंदिर अहिल्याबाई होळकरांच्या जीर्णोद्धाराचं, त्याआधी मालोजीराजांनीही त्याचं काम केलेलं. वेरूळ हे भोसल्यांचं गाव, गढी तिथेच आहे. दोन्ही एका दिवसात कोंबलंत तर कैलासला तास-दीड तास उरेल, आणि ते मला पटत नाही.

वेरूळला 34 लेणी: 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू, 30 ते 34 जैन. सगळी पश्चिमेकडे तोंड करून, त्यामुळे दुपार कलली की ऊन आत शिरतं. म्हणून 11 च्या सुमारास कैलास, मग जैन, आणि बौद्ध लेणी शेवटी. जैन लेणी लांब आहेत, तिकडे आतली वाहनं असतात, तिकीटखिडकीवर विचारा. 32 नंबरची इंद्रसभा बघा. आणि बौद्ध भागातलं 10 नंबर अजिबात चुकवू नका. सुताराची झोपडी म्हणतात तिला. दगडी छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या, समोर बसलेला बुद्ध, आणि आवाज टाकला तर कितीतरी वेळ घुमत राहतो. 12 नंबरचं तीन ताल आईंना नको, जिने उंच आहेत.

कैलासला गाईड घेतला नाही तरी चालेल असं मी म्हणालो तर माझे सहकारी रागावतील. पण तुमच्याबरोबर आई-बाबा आहेत. दक्षिण बाजूला रामायणाचा पट, रावण कैलास हलवतोय ते शिल्प, जटायू रावणावर झेपावतोय. उत्तरेला महाभारत, खालच्या ओळींत कृष्णाच्या बाळलीला. सत्तरीतल्या आजीला हे ओळखायला कोणाची गरज नाही. तिलाच नातवंडांना सांगू द्या, मध्ये बोलू नका. अजिंठ्याच्या जातकांचं तसं नाही, म्हणून तिथे गाईड.

आणि परग्रहवासीयांचं उत्तर. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, हे काम मुख्यतः झालं. तिन्ही बाजूंनी डोंगरात खंदक खोदून मधला दगडाचा ठोकळा सुटा केला आणि तो वरून खाली घडवत आणला. काढलेल्या दगडाचा अंदाज दोन लाख टनांच्या घरात आहे. वरून खाली येण्यात परांची बांधायची भानगड नाही, वरचं काम खालच्या न खोदलेल्या दगडावर उभं राहून होतं. कडेच्या भिंतींवर छिन्नीचे फटकारे स्पष्ट दिसतात, मुलांना हात न लावता जवळून दाखवा. 30 नंबरचा छोटा कैलास अर्धवट सोडलाय, तोही बघा, आणि अजिंठ्याचं 24 आठवा. 812 सालच्या बडोदा ताम्रपटात या मंदिराचं वर्णन आहे: घडवणारा शिल्पीच म्हणतो, हे मी कसं केलं असेल! मराठी कथेत मात्र उत्तर सोपं आहे. राणीने शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही असा नेम केला, म्हणून पैठणच्या कोकस नावाच्या सुताराने शिखरापासूनच काम सुरू केलं.

कैलासच्या बाजूने कड्यावर चढणारी वाट आहे, वरून सगळं एका नजरेत दिसतं. सुरू असेल तर जा, पण 10 वर्षांच्या मुलाचा हात सोडू नका. फोटोसाठी कडेला जाणाऱ्यांमुळेच ती वाट कधी कधी बंद होते.

खरेदीबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो. हिमरू, म्हणजे सूत आणि रेशमाचं इथलं नक्षीदार कापड, आणि पैठणीच्या ज्या दुकानांत कुणी तुम्हाला आग्रहाने नेतं, तिथल्या किमतीत नेणाऱ्याचा वाटा असतो. हिमरूची शाल शहरातून घ्या, पण माग समोर चालू असेल तिथूनच, आणि ताणा सुती आहे की कृत्रिम धाग्याचा ते विचारून. पैठणीसाठी थांबा. वेरूळहून चार-साडेचारला निघून वैजापूरमार्गे गेलात तर येवला तुमच्या वाटेवरच आहे. दोन-तीन घरं फिरा, मागची बाजू उलटून बघा. हातमागाच्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, धागे लोंबत नाहीत.